ह्यूगो पहिल्यांदाच वाचताय? मग घाई करू नका

व्हिक्टर ह्यूगो या फ्रेंच लेखकाची ‘ले मिझराब्ल’ (1862) ही कादंबरी हातात घेतलीत, फार बरं वाटलं. जाडी बघून दडपून जाऊ नका. वॉटर्लूच्या लढाईची लांबलचक प्रकरणं पहिल्या वाचनात चाळलीत तरी चालेल. सुरुवातीचा बिशपचा (ख्रिस्ती धर्मगुरूचा) भाग मात्र सावकाश वाचा. तो कंटाळवाणा वाटतो, पण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

एक जागा अजिबात सोडू नका. पाव चोरल्याबद्दल पाच वर्षं आणि पळून जायच्या प्रयत्नांपायी चौदा, अशी एकोणीस वर्षं शिक्षा भोगून कादंबरीचा नायक जाँ व्हालजाँ सुटतो. बिशप त्याला चांदीचे शमादान देऊन सोडतो. आणि त्यानंतरही तो पेती जेर्व्हे नावाच्या पोराचं चाळीस सूंचं नाणं पायाखाली दाबून धरतो! पोरगं रडत निघून जातं, मग भानावर येऊन हा त्याला हाका मारत सुटतो आणि ढसाढसा रडतो. माणूस खरा बदलतो तो इथे. प्रसिद्ध संगीतिकेत आणि तिच्यावरच्या 2012 च्या चित्रपटात हा प्रसंगच नाही, म्हणून आधी पुस्तक वाचा म्हणते.

फाँतिन ही गरीब आई लेकीसाठी केस विकते, मग पुढचे दोन दात. ते वाचताना मला पुस्तक मिटून ठेवावं लागलं होतं.

यातलं बंड 1832 सालचं आहे, 1789 च्या क्रांतीचं नव्हे. नवे वाचक इथे हमखास गोंधळतात. वाचून झालं की सोहराब मोदींचा ‘कुंदन’ (1955) जरूर बघा, तो याच कादंबरीवर बेतलेला आहे.