बोलिंगमध्ये लेन तीच, बॉल तोच, तरी एक दिवस हुक येतो (बॉल शेवटी आत वळतो) आणि दुसऱ्या दिवशी येत नाही. मनगट जास्त फिरवावं का?

मनगटाला अजिबात हात लावू नका. पाय सरकवा. लेनवर तेलाचा थर असतो, हुक त्यावर ठरतो.

हेच आमच्या साळ्याला मी केव्हाचा सांगून राहिलो आहे. त्याचं म्हणणं, तेलबिल या हरणाऱ्याच्या गोष्टी, अंगात जोर असला की पिन पडतात. मागच्या दिवाळीत सगळं घर नागपुरातल्या एका मॉलमध्ये खेळायला गेलं. लेन नुकतीच तेल मारून तयार होती, त्यामुळे सुरुवातीला माझा स्वतःचा बॉल मस्त वळून एक आणि तीन नंबरच्या पिनमध्ये घुसत होता. मग एकाच लेनवर काका, मावशा, पोरं, सगळ्यांनी तिथले प्लास्टिकचे हाऊस बॉल, म्हणजे सगळ्यांसाठी ठेवलेले बॉल, ढकलले. थोड्या वेळाने माझा बॉल वळेचना, उजवीकडून सरळ निघून जायचा.

साळा म्हणतो, "भाऊजी, हात थकला तुमचा."

फाउल लाइनपासून पहिली पिन 60 फुटांवर. साधारण पहिले 40 फूट तेल, पुढे कोरडं, आणि बॉल लेन पकडून वळतो तो तिथे. प्लास्टिकचा बॉल तेल शोषत नाही, पुढे ओढत नेतो. कोरड्या भागावर तेल आलं की तुमचा बॉल पकडणार कशाला? मी परत आलेला बॉल त्याला दाखवला, वर तेलाचे चकचकीत गोल पट्टे होते. त्याने बोट फिरवलं आणि म्हणाला, "समोसे खाऊन हात नाही धुतले कोणी." मी बॉल पुसला, पाय दोन फळ्या (लेनच्या लाकडी पट्ट्या) उजवीकडे घेतले, नेम एक फळी उजवीकडे, कारण कडेला तेल कमी असतं. स्ट्राइक पडला, एकाच बॉलमध्ये सगळ्या पिन आडव्या. तर म्हणे नशीब!

2015 मध्ये जामठ्याच्या क्रिकेट मैदानावर दक्षिण आफ्रिका 79 वर गुंडाळली आणि आयसीसीने त्या खेळपट्टीला खराब शेरा दिला, तेव्हा हाच माणूस "पिच वाचता आली पाहिजे" म्हणून घसा कोरडा करत होता. लेन मात्र वाचायची नाही, बाप्पा.

उलटं झालं, म्हणजे बॉल जास्तच वळून पहिल्या पिनच्या डावीकडे जाऊ लागला, तर तेल उडालं समजा आणि डावीकडे सरका. बॉल ज्या बाजूला चुकतो, त्याच बाजूला पाय. स्पेअरला, म्हणजे उरलेल्या पिन दुसऱ्या बॉलने पाडताना, खासकरून उजव्या कोपऱ्यातल्या दहा नंबरच्या पिनसाठी, प्लास्टिकचा बॉल सरळ टाका, मग तेल असो नसो.

हे सगळं उजव्या हाताचं, डावखुरे असाल तर डावं-उजवं उलटं करा. आणि तुम्ही हाऊस बॉलनेच खेळत असाल तर यातलं फारसं लागू नाही. तो मुळात फार वळतच नाही. तुमचा त्या एका दिवसाचा हुक कशाने आला, ते बॉल बघितल्याशिवाय सांगता येणार नाही. तेल कधी मारलं ते काउंटरवर विचारून घ्या, काही ठिकाणी रोज मारत नाहीत.

जोराच्या नादाने 16 पौंडाचा बॉलही उचलू नका. नियमात त्याहून जड चालत नाही, पण म्हणून तोच घ्यायची सक्ती नाही. साळ्याने घेतला होता. अंगठा सुजला तरी म्हणतो, बॉलचं भोक लहान होतं.