लाल काडीच्या विलोची हौस? आधी हे ऐक

भाऊ, फोटोतल्या लाल-पिवळ्या काड्यांच्या विलोवर जीव जडला ना? पण ते थंड मुलखाचं झाड. रंग खुलतो वर्षभराच्या कोवळ्या फांदीवर. म्हणून तिकडं हिवाळा सरता सरता ते बुंध्याजवळ छाटतात. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४५ वर गेला अन् माझी दोन रोपं करपली. आधी पानांच्या कडा तपकिरी, मग काडीच वाळली. त्यापेक्षा नदीकाठची आपली वाळुंज, म्हणजे विलोचीच देशी बहीण, लाव. पावसाळ्याच्या तोंडी पेन्सिलीएवढी जाड, वीतभर काडी खोच, दोन डोळे, म्हणजे कोंब फुटायच्या जागा, मातीच्या वर ठेव. सांडपाण्याच्या नालीकाठी मजेत वाढते. विहिरीजवळ मात्र नको, मुळं पाण्यामागं चिरेत शिरतात. रंग म्हणशील तर कोवळी पालवी जराशी तांबूस, बस.