कम्युनिटी कॉलेज झाल्यावर लोक पुढे करतात काय? नाशिकहून येणाऱ्या ताईंना उत्तर

नवऱ्याची नोकरी सनीवेलला, तुम्ही एच-४ व्हिसावर (एच-१बी या नोकरीच्या व्हिसावरच्या माणसाच्या जोडीदाराला मिळतो तो) येणार, एम.कॉम. झालंय, काही वर्षं नाशिकला ऑडिटचं काम केलंय. इथल्या कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे मुख्यतः दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजात, शिकून माणसं पुढे कुठे जातात आणि बारावीतल्या भावालाही त्याच वाटेने आणावं का, असं तुम्ही विचारलंत. मीही एच-४ वरच आले, क्युपर्टिनोच्या डी आन्झा कॉलेजात शिकले आणि आता प्रीस्कूलमध्ये शिकवते. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

कॅलिफोर्नियात अशी ११६ कॉलेजं आहेत आणि एकाच बाकावर बसलेल्यांच्या वाटा अगदी वेगळ्या असतात. शाळेतून थेट आलेली बरीच मुलं ट्रान्स्फर घ्यायचं ठरवून येतात, म्हणजे दोन वर्षं इथे करून तिसऱ्या वर्षाला विद्यापीठात जायचं. सॅन होजे स्टेट विद्यापीठात जाणारे आमच्या भागात पुष्कळ. यूसी म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया; तिच्या डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा आणि सँटा क्रूझ या सहा कॅम्पसचा ‘टॅग’ करार आहे: ठरलेले विषय, ठरलेले गुण, सप्टेंबरात टॅगचा अर्ज आणि मग यूसीचा नेहमीचा अर्ज, एवढं पाळलं तर बऱ्याच शाखांत प्रवेशाची हमी मिळते. बर्कली आणि लॉस एंजेलिस त्यात नाहीत, पण तिथेही दरवर्षी या कॉलेजांतली मुलं जातात.

दुसरी वाट परवान्याच्या कामांची. नर्सिंगची असोसिएट डिग्री (कम्युनिटी कॉलेजची दोन वर्षांची पदवी) घेऊन एन्क्लेक्स ही परवान्याची परीक्षा पास झालं की आर.एन., म्हणजे नोंदणीकृत नर्स, होता येतं, नोकरी करत करत पुढे बी.एस.एन. ही नर्सिंगची बॅचलर्स करणारे खूप. मात्र आधी अ‍ॅनाटॉमी, फिजिऑलॉजी, मायक्रोबायॉलॉजी पार करावं लागतं आणि जागा इतक्या कमी की काही कॉलेजं चक्क चिठ्ठ्या टाकतात. शेजारच्या फूटहिल कॉलेजात डेंटल हायजीन (दातांची निगा) आणि रेस्पिरेटरी थेरपी (श्वसनोपचार) आहे. इलेक्ट्रिशियन, प्लंबर, मोटार मेकॅनिकही याच कॉलेजांतून तयार होतात आणि त्यांची कमाई उत्तम असते.

तुमचं प्रकरण यात कुठेच बसत नाही, कारण तुमच्याकडे पदवी आहे. हे नीट लक्षात घ्या. पुन्हा असोसिएट डिग्री घेण्यात तुमची दोन वर्षं जातील आणि हाती फारसं काही येणार नाही. यूसी दुसऱ्यांदा बॅचलर्स करायला सहसा घेतही नाही. तुमच्यासारख्या बायका इथे येतात त्या नेमके हवे तेवढे विषय घ्यायला. सीपीए, म्हणजे इथला सी.ए., व्हायचं तर पदवीसोबत अकाउंटिंगचे आणि व्यवसायविषयांचे ठरावीक युनिट (विषयांचे क्रेडिट) लागतात, आणि ते कम्युनिटी कॉलेजातले चालतात. डी आन्झात संध्याकाळच्या अकाउंटिंगच्या वर्गात निम्म्याहून जास्त लोक आधीच पदवीधर असायचे. ऑडिटचा तुमचा हात बसलेला आहे; अमेरिकन टॅक्स आणि इथलं ऑडिटिंग एवढं भरून काढायचंय. सीपीए लांबचं वाटलं तर एन्रोल्ड एजंटची, म्हणजे सरकारमान्य टॅक्स सल्लागाराची, परीक्षा पाहा. तीन पेपर, सगळे टॅक्सचे, आणि त्याला पदवीची अटच नाही.

माझी वाट बालशिक्षणाची होती. खाजगी प्रीस्कूलमध्ये शिक्षिका व्हायला या विषयाचे १२ सेमिस्टर युनिट आणि थोडा अनुभव लागतो. डी आन्झा सेमिस्टरऐवजी त्याहून लहान क्वार्टर सत्रांवर चालतं, तेव्हा तिथले १८ धरा. या हिशोबात बऱ्याच जणी फसतात. कॉलेजच्या बालवाडीत काचेआड वही घेऊन बसायचं आणि एक मूल काय करतंय ते तासभर लिहायचं. ‘चिडला’ असं लिहिलं की बाई खोडायच्या. ‘निळा ठोकळा भिंतीकडे फेकला, मग दाराकडे पाहिलं’ असं लिहायचं. आज वर्गात मूल रडायला लागलं की मी आधी ते दाराकडे बघतंय का हे पाहते. इतकं थेट हाताशी येणारं शिक्षण मला आधी कुठे मिळालं नव्हतं.

आता व्हिसाचं, कारण शिकल्यावर काय करता येईल हे शेवटी त्यावरच ठरतं. एच-४ वर शिकायला पूर्ण मुभा आहे, पण काम करायला ईएडी, म्हणजे कामाचा परवाना, लागतो आणि तो सहसा नवऱ्याचा आय-१४० (कंपनीने ग्रीनकार्डसाठी केलेला अर्ज) मंजूर झाल्यावरच मागता येतो. तेव्हा ग्रीनकार्डची प्रक्रिया कंपनी कधी सुरू करणार, हे नवऱ्याला कंपनीकडे आत्ताच विचारायला सांगा. तुमच्या शिक्षणाचं वेळापत्रक त्या उत्तरावर बेतायचंय. फीचंही तसंच. कॅलिफोर्नियात एक वर्ष आणि एक दिवस राहिल्याचं सिद्ध केलं की एच-४ वाल्यांना रहिवाशांची फी लागू होते, सेमिस्टर युनिटला ४६ डॉलर, डी आन्झात क्वार्टर युनिटला ३१. त्याआधी कितीतरी पट जास्त मोजावी लागते. म्हणून पहिल्या वर्षी घाई करू नका. आल्या आल्या ड्रायव्हिंग लायसन्स काढा, घराच्या करारावर तुमचंही नाव घाला आणि टॅक्स रिटर्न जपून ठेवा. हेच पुरावे पुढे कामी येतात.

भावाचं मात्र मी वेगळं सांगेन. तो एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर येणार, म्हणजे रहिवाशांची फी त्याला मिळणार नाही आणि दर सेमिस्टर किंवा क्वार्टरला किमान १२ युनिट घ्यावेच लागतील. असोसिएट डिग्रीनंतर एक वर्षाचा ओपीटी (शिकल्यावर आपल्या विषयात काम करायची परवानगी) मिळू शकतो, पण स्टेमची, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञान-गणिताच्या शाखांना मिळणारी, दोन वर्षांची वाढ बॅचलर्सपासून पुढेच, आणि एच-१बी च्या नोकरीलाही सहसा बॅचलर्स लागते. दोन वर्षांत नोकरी लागेल असं कुणी एजंट सांगत असेल तर त्याच्यापासून लांब राहा. चारही वर्षांचे पैसे घरी जमत असतील आणि ट्रान्स्फर पक्कं मनात असेल, तरच त्याला पाठवा. असिस्ट नावाच्या सरकारी वेबसाइटवर कॉलेजातला कुठला विषय कुठल्या विद्यापीठात चालतो ते दिसतं. त्याला आत्ताच तिथे आपली शाखा शोधायला बसवा. तासाभरात त्यालाच कळेल, पहिल्याच क्वार्टरला गणित कुठून सुरू करायचं ते.

आणि निघण्याआधी एक काम. पुणे विद्यापीठातून बी.कॉम. आणि एम.कॉम. दोन्हींच्या सीलबंद ट्रान्स्क्रिप्ट काढा, दोन-तीन प्रती जास्त घ्या, शिवाय विषयांचा अभ्यासक्रमही. तीन वर्षांची पदवी इथे दरवेळी पूर्ण बॅचलर्स म्हणून धरत नाहीत, तिथे तुमचं एम.कॉम. तुम्हाला तारेल. इथून मागवायचं म्हटलं तर कुणातरी नातेवाइकाला गणेशखिंडीत विद्यापीठात खेटे घालावे लागू शकतात. तिकीट काढायच्या आधीच अर्ज टाका.