बोअर मारायच्या आधी पाणी मोजा

भाऊ, नवीन बोअरची घाई करू नका, आधी आहे ते पाणी मोजा. मोटरच्या पाइपखाली २०० लिटरचा ड्रम ठेवायचा आणि मोबाइलवर टायमर लावायचा, १०० सेकंदात भरला तर तासाला ७,२०० लिटर, एवढं सोपं आहे. पण हे मोटर चालू केल्या केल्या नाही करायचं, दोन-तीन तास चालल्यावर करायचं, कारण सुरुवातीला साठलेलं पाणी येतं आणि आपल्याला वाटतं भरपूर आहे. मी पहिल्या वर्षी इथंच फसलो आणि उभं पीक डोळ्यादेखत वाळलं, अजून आठवलं की जीव तुटतो. विहिरीची पातळी दोरी सोडून दर आठवड्याला वहीत लिहा, पाऊस संपल्यावर त्या आकड्यावरून पुढचं पीक किती क्षेत्रात घ्यायचं ते ठरवा, उलटं नको.

पावसाचा हिशोब पण बघा, १ मिमी पाऊस म्हणजे १ चौरस मीटरवर १ लिटर. १०० चौरस मीटर छतावर २० मिमी पडला तर २,००० लिटर, थोडं वाया जातं, बाकीचं गाळून टाकीत घ्या. पहिल्या सरीचं मात्र सोडून द्या, त्यात छतावरची सगळी घाण येते.

ठिबक घ्याच, पण ठिबक आलं म्हणून क्षेत्र वाढवू नका, बरेच जण तेच करतात आणि उपसा होता तेवढाच राहतो, कधी कधी वाढतोसुद्धा. आणि प्यायचं, जनावरांचं पाणी हिशोबात सगळ्यात आधी बाजूला काढा, पिकाचं नंतर.