हायस्कूलच्या मुलांना फौजदारी न्यायव्यवस्था शिकवायला सुरुवात कुठून करावी?

कलमं आणि व्याख्या बाजूला ठेवा, सुरुवात साक्षीपुराव्यापासून करा. तास चालू असताना एखाद्याला अचानक आत येऊन टेबलावरची वही उचलून न्यायला सांगा आणि लगेच प्रत्येकाकडून वर्णन लिहून घ्या. शर्टाच्या रंगावरूनच भांडण जुंपतं. मग लॉफ्टस आणि पामर या मानसशास्त्रज्ञांचा १९७४चा प्रयोग सांगा: अपघाताच्या फिल्म त्याच, पण गाड्या ‘टेकल्या’ऐवजी ‘जोरात आदळल्या’ असं विचारलेल्या गटाने वेग सरासरी ताशी ३२ऐवजी ४१ मैल सांगितला. गुन्हा ‘वाजवी संशयापलीकडे सिद्ध’ व्हायला हवा, म्हणजे रास्त शंकेला जागा उरायला नको, हा नियम कशासाठी, हे मग मुलंच बोलायला लागतात. फक्त नाटकात हत्यार किंवा मारामारी नको, आणि घरच्या कोर्टकचेरीबद्दल कुणाला वर्गात विचारू नका. एखाद्याचे वडील खरंच आत असतात.