गिटमध्ये एका फाइलची हिस्टरी: फिल्टर कायमचे कुठे ठेवायचे

प्रश्न असा आहे: सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याच्या बिलिंगचा कोड गिटवर (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) आहे. दरपत्रकाच्या फाइलची हिस्टरी बघताना दर वेळी तेच टाइप करावं लागतं. मर्ज (दोन शाखांतले बदल एकत्र केल्याच्या नोंदी) नकोत, जानेवारीतल्या गड्डा यात्रेनंतरचेच बदल हवेत, तारीख छोटी हवी. हे एकदाच सेव्ह होईल का?

होईल, पण सगळं एका जागी कोंबू नका. (कमांड इथे देवनागरीत आहेत, टर्मिनलमध्ये अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाका.)

नुसत्या दिसण्याच्या गोष्टी सरळ कॉन्फिगमध्ये (गिटच्या सेटिंगमध्ये) जाऊ द्या: 'गिट कॉन्फिग --ग्लोबल लॉग.डेट शॉर्ट'. तसंच 'लॉग.फॉलो ट्रू' केलं की फाइलचं नाव बदललं असलं तरी जुनी हिस्टरी दिसते. हे एकच पाथ (फाइलचा पत्ता) दिला तर चालतं. नाव बदलताना मजकूरही निम्म्याहून जास्त बदलला असेल, तर मात्र धागा तुटतो, कारण साम्याची मर्यादा मुळात ५०% आहे. तेव्हा '-एम४०%' देऊन बघा.

मर्ज आणि तारखेच्या फिल्टरला कॉन्फिगमध्ये सोय नाही, तिथे एलियस (लांब कमांडला दिलेलं छोटं नाव) लागतो:

गिट कॉन्फिग --ग्लोबल एलियस.एफएच "लॉग --नो-मर्जेस --सिन्स=२०२६-०१-२०टी००:००:००"

मग 'गिट एफएच -- फाइल' एवढंच. एलियसला 'लॉग' हेच नाव देऊ नका. मूळ कमांडच्या नावाचा एलियस गिट मुकाट्याने दुर्लक्षित करतं, आणि ते एका अर्थी बरंच आहे. साधा 'गिट लॉग' काहीही न लपवणारा राहिला पाहिजे. मर्ज करताना कॉन्फ्लिक्ट (एकाच जागी झालेले दोन वेगळे बदल) सोडवण्याच्या नादात कुणी दर बदलला असेल, तर तो बदल फक्त त्या मर्ज कमिटमध्येच (कमिट म्हणजे बदलाची एक नोंद) असतो. 'एफएच' तो कधीच दाखवणार नाही.

तारखेत वेळ मुद्दाम लिहिली आहे. नुसती तारीख दिली तर गिट त्या दिवशीची आत्ताची वेळ धरतं, म्हणजे दुपारी ४ला कमांड चालवली की त्या दिवशी सकाळचे कमिट गळतात. दुसरी खोच अशी की 'सिन्स' कमिटरची (कमिट शेवटी नोंदवणाऱ्याची) तारीख तपासतं आणि लॉग ऑथरची (मूळ बदल लिहिणाऱ्याची) तारीख दाखवतो. रीबेस झालेलं (नंतर पुन्हा नव्याने नोंदवलेलं) डिसेंबरचं काम यादीत आलं तर फिल्टर बिघडलेला नाही, '--प्रिटी=फुलर' लावा, दोन्ही तारखा दिसतील.

'--ऑथर' (एकाच माणसाचे कमिट दाखवणारा फिल्टर) एलियसमध्ये घालायचा मोह टाळा. नंतर हाताने दुसरा '--ऑथर' दिला तर पहिला रद्द होत नाही, दोघांचेही कमिट येतात. 'सिन्स'चं तसं नाही, शेवटचा दिलेला चालतो. मर्ज तात्पुरते बघायचे असतील तर '-- फाइल'च्या आधी '--नो-मॅक्स-पेरेंट्स' जोडा, आणि 'लॉग.फॉलो' चालू असेल तर '--नो-फॉलो'ही, कारण फॉलो असताना मर्ज दिसत नाहीत.

टीममधल्या बाकीच्या तिघांनाही हेच हवं असेल, तर लक्षात ठेवा, क्लोनबरोबर (रेपोची, म्हणजे कोडच्या साठ्याची, प्रत्येकाकडची प्रत) कॉन्फिग जात नाही. रेपोच्या मुळाशी 'टीम.कॉन्फिग' फाइल ठेवून त्यात एलियस लिहा आणि प्रत्येकाने आपल्या क्लोनमध्ये एकदा 'गिट कॉन्फिग इन्क्लुड.पाथ ../टीम.कॉन्फिग' चालवावं. ते दोन टिंब विसरू नका, हा पाथ '.गिट' फोल्डरपासून मोजला जातो.