चिऱ्याच्या घरातल्या खोलीला रंग किती लागेल?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. गावचं चिरेबंदी (जांभ्या दगडाचं) घर, वर कौलं, १२ बाय १४ ची खोली, भिंती ९ फूट, दोन्ही टोकांना त्रिकोण. गणपतीच्या आधी प्लास्टिक पेंट द्यायचा आहे. दुकानदार २० लिटरची बादली घ्या म्हणतो आणि रंगारी कार्पेटच्या (म्हणजे आतल्या जमिनीच्या) साडेतीनपट क्षेत्रफळ धरून पैसे मागतो. यातलं कोण बरोबर, असं तुम्ही विचारलंय. त्याचं उत्तर देतेच. पण पोस्टच्या शेवटी तुम्ही सहज लिहिलंय की "भिंतीला हात लावला की पांढरं लागतं". ते वाक्य वाचून मी बाकी कामं बाजूला ठेवली. आमच्या सासरच्या घरी नेमकं इथेच चुकलं होतं.

आधी माप. साडेतीनपटीचा ठोकताळा शहरातल्या फ्लॅटसाठी आहे, त्यात सिलिंग धरलेलं असतं. तुमच्याकडे कौलं आहेत, सिलिंग नाहीच. १६८ ची साडेतीनपट ५८८ होते. प्रत्यक्ष मोजलं तर चार भिंतींचा घेर ५२ फूट, गुणिले ९ म्हणजे ४६८. वरचे त्रिकोण लोक विसरतात. पाया १२ फूट, उंची ४ धरली तर एक त्रिकोण २४ चौरस फुटांचा, दोन्ही मिळून ४८. झाले ५१६. (त्रिकोणाची उंची मी अंदाजाने धरली आहे, तुम्ही मोजा.)

आता दार-खिडक्या. फ्लॅटमध्ये त्या सरळ वजा करतात. चिऱ्याच्या घरात तसं करू नका. भिंत दीड फूट जाड असते आणि चौकटीच्या आतल्या बाजूची ती जाडीही रंगवावी लागते. तीन बाय साडेसहाचं एक दार आणि तीन बाय चारच्या दोन खिडक्या वजा केल्या तर साडेत्रेचाळीस चौरस फूट जातात. त्याच दार-खिडक्यांची, चौकटीची जागा सोडून, आतली फूटभर जाडी मोजली तर चव्वेचाळीस फूट परत येतात. म्हणजे हिशेब जिथल्या तिथे. कोनाडे असतील तर प्रत्येकाचे चार-पाच फूट वाढवा. तुमची खोली ५३० च्या आसपास येईल, रंगाऱ्याच्या भाषेत सव्वापाच ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० चौरस फूट). बोलणी याच आकड्यावर करा, आणि दर ठरवताना "मटेरियलसकट की नुसती मजुरी" आणि "किती हात" (म्हणजे किती कोट) हे वहीत लिहून घ्या.

डब्यावर लिटरला १२०-१४० चौरस फूट वगैरे लिहिलेलं असतं. ते एका हाताचं की दोन हातांचं ते आधी बघा, आणि तो आकडा गुळगुळीत, तयार भिंतीचा असतो हे लक्षात ठेवा. गावच्या गिलाव्यावर दोन हातांना मी लिटरला ६० च धरते. त्या हिशेबाने ९ लिटर, म्हणजे १० लिटरची बादली पुरते. २० लिटरची गरज नाही. मशीनवर शेड मिसळून घेतलेली बादली उरली तरी दुकानदार परत घेत नाही. बादलीत बऱ्याचदा रंगाऱ्यासाठी बक्षिसाचं टोकन असतं, म्हणून रंगारीही मोठीच सुचवतो. त्यात त्याचं काही वाईट नाही, पण तुम्हाला माहीत असावं.

हे सगळं गणित आम्हीही केलं होतं. मिस्टरांनी टेप धरला, मी वहीत लिहिलं. अर्ध्या लिटराचाही फरक पडला नाही. प्रायमर ११००, रंग ३९००, पॉलिश पेपर-ब्रश-सटरफटर ५००, आणि दोन माणसं चार दिवस, तेव्हाच्या ८०० रुपये रोजाने ६४००. एकूण ११,९००. खोली इतकी सुंदर दिसत होती की सासूबाई दुपारी तिथेच येऊन बसायच्या.

पुढच्या श्रावणात पश्चिमेच्या भिंतीला खालून फुगे आले. गणपतीला गेलो तेव्हा रंगाचे हातभर पापुद्रे लोंबत होते. एक ओढला तर चादरीसारखा सुटून आला आणि त्याच्या मागच्या बाजूला चुन्याचा जाड थर चिकटलेला होता. रंग प्रायमरला धरून होता, प्रायमर चुन्याला धरून होता. चुनाच भिंतीला धरून नव्हता.

त्या भिंतीवर चाळीसेक वर्षं दर गणपतीला चुन्याचा हात फिरला होता. एकावर एक थर. वरचे थर भुसभुशीत झालेले, म्हणूनच हाताला पांढरं लागायचं. शिवाय जांभा दगड सच्छिद्र. तो जमिनीतली आणि पावसाची ओल ओढून घेतो आणि उन्हाळ्यात सोडतो. चुना त्या ओलीला वाट देतो. प्लास्टिक पेंट वाट अडवतो. आतली वाफ आणि खार बाहेर यायला बघतात, आणि सगळ्यात अशक्त थर सुटतो. रंग चांगला की वाईट, याचा इथे संबंधच येत नाही. महागातला घेतला असता तर कदाचित आणखी मोठा पापुद्रा निघाला असता.

रंगाऱ्याने सुरुवातीला विचारलं होतं, "वैनी, खरवडायचं काय?" खरवडायला चार दिवस वाढतील म्हणाला. आमची सुट्टी संपत होती. मी म्हटलं, नको, प्रायमर मारतोय ना, धरेल. हा निर्णय माझा होता आणि तोच सगळ्यात महाग पडला.

मग कंपनीच्या तक्रार विभागाला फोन केला. नाव लिहीत नाही. बिल मागितलं, पाठवलं. बॅच नंबर मागितला, बादली शोधून त्याचा फोटो पाठवला. तीन आठवड्यांनी एक माणूस येतो म्हणाले, तो तालुक्याच्या दुकानापर्यंतच आला. शेवटी एका ओळीचं उत्तर मिळालं की पृष्ठभागाची तयारी सूचनेप्रमाणे नव्हती. ते खरंच होतं, ते मी नाकारत नाही. पण हेच दुकानात बादली विकताना एका वाक्यात विचारता आलं नसतं का, की ताई, भिंतीवर काय आहे, चुना की डिस्टेंपर? मशीनवर अठराशे शेड दाखवायला वेळ होता. अजून राग येतो.

दुसऱ्या वेळचा खर्च असा: खरवडायला दोन माणसं चार दिवस, ६४००. चुना, डिंक, पिवडी (पिवळी रंगमाती) आणि कुंचे मिळून १३००. तीन हातांची मजुरी ४८००. एकूण १२,५००. पहिले धरून २४,४०० एका खोलीला. सुरुवातीलाच दोन माणसांकडून दिवसभर सुटा चुना घासून घेऊन तीन हात दिले असते तर ७७०० मध्ये झालं असतं. आता रोज वाढलाय, तुमचे आकडे जास्त येतील. पण मजुरी मालापेक्षा जास्त असते, हे प्रमाण तसंच राहतं. म्हणून लिटरपेक्षा दिवस आधी मोजा.

आता तुमच्यासाठी. बाजारात जाण्याआधी तीन गोष्टी करून बघा. काळं कापड ओलं करून भिंतीवर चोळा. पांढरं आलं तर वरचा थर सुटा आहे. मग ब्लेडने बारीक फुली मारून त्यावर पॅकिंगची चिकटपट्टी दाबून लावा आणि झटक्यात ओढा. पट्टीबरोबर पापुद्रा आला तर त्यावर कुठलाही प्रायमर टिकणार नाही. तिसरं, दीड-दोन फुटांचा प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी पट्टीने भिंतीला चिकटवून एक दिवस ठेवा. आतून पाणी साचलं तर भिंत ओली आहे.

माझं मत स्पष्ट आहे, चुन्याच्या भिंतीला चुनाच द्या. मी इंजिनिअर नाही, आणि सिमेंटच्या गिलाव्याला हे लागू नाही. पण तुमच्यासारख्या घरात, तेही ऐन पावसात, मला दुसरं काही पटत नाही. आमच्या तेवढ्याच खोलीला तीन हातांना साधारण पंधरा किलो कळीचा चुना लागला. किलोला पाच लिटर पाणी, रात्रभर विरू द्यायचा, फडक्यातून गाळायचा, मग गरम पाण्यात विरघळवलेला डिंक घालायचा म्हणजे अंगाला कमी लागतो. एक हात उभा, दुसरा आडवा, मध्ये वाळू द्यायचा. रंग हवा असेल तर पिवडी, गेरू किंवा नीळ. सगळा रंग एकाच वेळी कालवा, कमी पडला तर तीच छटा पुन्हा जमत नाही. आणि ओला असताना गडद दिसतो म्हणून घाबरू नका, वाळल्यावर बराच फिका होतो. आधी कोपऱ्यात हातभर लावून बघा.

चुना विरवताना तो उकळतो. प्लास्टिकच्या बादलीत करू नका, लोखंडी पिंप घ्या आणि चुना पाण्यात थोडा थोडा सोडा. पोरांना लांब ठेवा. मारताना डोळ्यांना चष्मा हवाच, विशेषतः त्रिकोणाच्या भिंतीला वर बघून काम करताना. डोळ्यात गेला तर भरपूर पाण्याने धूत राहा आणि लगेच डॉक्टरकडे जा.

प्लास्टिक पेंटच हवा असेल तर या वर्षी नको. शिमग्यानंतर भिंती वाळल्या की चुना पार गिलाव्यापर्यंत खरवडा, धुऊन काढा, वाळू द्या, मग लांबी (पुट्टी) आणि प्रायमर. खरवडल्यावर गिलाव्याचे खड्डे दिसतात, त्यामुळे लांबी किलोला दहा चौरस फूटच धरा. म्हणजे ५३ किलो, एक ४० ची आणि एक २० ची पिशवी. आणि पावसाच्या तोंडची भिंत तरीही चुन्यावरच ठेवा असं मी म्हणेन. आम्ही ती तशीच ठेवली आहे.

तुमची कोणती भिंत पावसाच्या बाजूला आहे ते पोस्टमध्ये नाही. आधी तिलाच पट्टी लावून बघा, आणि काय निघालं ते इथे लिहा.